ठेचलेला लसूण आणि बॅक्टेरियांची वस्ती

अँटिबायोटिक्सवरच्या आमच्या भागानंतर जे प्रश्न आले, त्यांत हळद आणि लसूण यांनी चांगलीच हजेरी लावली होती. कुणाची आई फोनवर सांगते, जखमेवर हळद दाबून धर. कुणाच्या आजोबांच्या मते सकाळी उपाशीपोटी कच्च्या लसणाची पाकळी चावली की इन्फेक्शन जवळ फिरकत नाही. आणि एकाने तर खऱ्याखुऱ्या शोधनिबंधाची लिंक पाठवून विचारलंय: ‘यात म्हटलंय की लसणातला एक घटक बॅक्टेरियांचं बायोफिल्म रोखतो. मग हे औषध म्हणून का मिळत नाही?’

हा शेवटचा प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याला दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही. ‘कारण औषध कंपन्यांना नको आहे’ हे उत्तर जितकं आळशी, तितकंच ‘कारण ते सगळं थोतांड आहे’ हेही आळशी. बॅक्टेरियांना न मारता त्यांची वस्ती होऊ न देणारी रसायनं वनस्पतींमध्ये खरोखर आहेत. ती लॅबमधल्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये काम करताना दिसतात, उंदरांमध्येही कधी कधी दिसतात. माणसापर्यंत येताना मात्र बहुतेकांची गाडी मधेच अडते. कुठे आणि का, ते बघू.

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो किंचित बुळबुळीत थर जाणवतो, तो बायोफिल्म. सिंकच्या जाळीखाली किंवा पाणी न बदललेल्या फुलदाणीच्या आत हाताला जे गिळगिळीत लागतं, तेही बहुतांशी तेच. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात बॅक्टेरिया एकटा, पाण्यात मोकळा पोहत असतो. निसर्गात मात्र ते बहुधा कशाला तरी चिकटून, समूहाने राहतात. आधी एखादी पेशी पृष्ठभागावर सैलसर टेकते. या टप्प्यावर ती परत निघूनही जाऊ शकते. नाही गेली, तर पक्की चिकटते, तिच्या दोनाच्या चार होतात, आणि मग सगळ्या मिळून साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि चक्क डीएनए यांचा एक चिकट गर बाहेर सोडतात. त्या गरात वस्ती उभी राहते. पाण्याला आणि अन्नाला वाटा राहतात, आत-बाहेर असे भाग पडतात, आणि वस्ती मोठी झाली की काही पेशी सुटून दुसरीकडे बस्तान बसवायला निघतात.

ही गोष्ट सर्वांत आधी ज्याच्या लक्षात आली, तो डेल्फ्टचा कापडव्यापारी अँटोनी व्हॅन लीवेनहुक. १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या दातांमधला पांढरा मळ स्वतः बनवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याचं सांगितलं. त्यात जिवंत प्राणी वळवळत होते. त्याने व्हिनेगर वापरून बघितलं. खरवडून काढलेल्या मळात व्हिनेगर मिसळलं की ते मरायचे. पण व्हिनेगरने नुसती चूळ भरली, तर मळाच्या आतले जिवंतच राहायचे. त्याने निष्कर्ष काढला की व्हिनेगर फक्त बाहेरच्यांना मारतं, थराच्या आत पोहोचत नाही. बायोफिल्म हा शब्द रूढ व्हायला अजून तीनशे वर्षं होती, पण मुख्य अडचण या माणसाने तेव्हाच पकडली होती. त्यानंतर विज्ञान बरीच वर्षं मोकळ्या पोहणाऱ्या बॅक्टेरियांच्याच मागे राहिलं, कारण त्यांना फ्लास्कमध्ये वाढवणं सोपं. १९७८ साली बिल कॉस्टर्टन आणि सहकाऱ्यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये बॅक्टेरिया चिकटतात कसे यावर लेख लिहिला आणि हा विषय पुन्हा रुळावर आला.

बायोफिल्ममधल्या बॅक्टेरियांना मारायला कधी कधी हजारपट जास्त अँटिबायोटिक लागतं. याचं कारण गर औषध अडवतो इतकंच नाही. आतल्या थरांत अन्न आणि ऑक्सिजन कमी पोहोचतो, त्यामुळे तिथल्या पेशी जवळजवळ झोपलेल्या असतात. बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या पेशीची यंत्रं बिघडवतात: भिंत बांधणारं यंत्र, प्रथिनं बनवणारं यंत्र. यंत्रच बंद असेल तर बिघडणार काय? औषधाचा कोर्स संपतो, रुग्णाला बरं वाटतं, आणि काही आठवड्यांनी झोपलेले जागे होतात. लघवीची नळी, कृत्रिम गुडघा, हृदयाची कृत्रिम झडप, सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुप्फुसात साचलेला घट्ट कफ, मधुमेह्याच्या पायाची न भरणारी जखम: इथे डॉक्टरांची गाठ अशा वस्त्यांशी पडते.

म्हणून कल्पना अशी पुढे आली, की वस्ती उभीच राहू दिली नाही तर? बॅक्टेरिया मोकळे राहिले तर आपली रोगप्रतिकारशक्ती आणि साधं अँटिबायोटिक त्यांचा समाचार घेऊ शकेल. या कल्पनेला बळ मिळालं ते बॅक्टेरियांच्या आपसातल्या बोलण्यावरच्या संशोधनातून.

सभेचा कोरम

हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेचं कसं असतं? कोरम भरल्याशिवाय ठराव नाही. बॅक्टेरियांचंही तसंच आहे. प्रत्येक पेशी एक छोटा रेणू बाहेर सोडत राहते. पेशी मोजक्या असतील तर तो रेणू विरून जातो. गर्दी झाली की तो साचतो, आणि ठरावीक पातळी ओलांडली की सगळ्या पेशी एकदम वागणूक बदलतात. समुद्रातल्या चमकणाऱ्या बॅक्टेरियांमध्ये केनेथ नील्सन आणि वूडलंड हेस्टिंग्ज यांनी १९७० साली हे दाखवलं: गर्दी झाल्याशिवाय ते दिवा लावत नाहीत. १९९४ मध्ये याला ‘क्वोरम सेन्सिंग’ हे नाव पडलं. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना छळणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा बॅक्टेरिया याच पद्धतीने विषारी द्रव्यं कधी सोडायची आणि बायोफिल्म कसं बांधायचं हे ठरवतो.

आता वनस्पतींच्या बाजूने विचार करा. झाडाला पळता येत नाही, त्याच्याकडे रक्तातून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत, आणि त्याची मुळं जन्मभर बॅक्टेरियांनी भरलेल्या मातीत. सगळ्यांना मारून टाकणं परवडणारं नाही, कारण त्यातले कित्येक कामाचे असतात. अशा जिवाने बॅक्टेरियांच्या सभेत व्यत्यय आणायची युक्ती शोधली असेल तर नवल नाही.

याचा पहिला भक्कम पुरावा जमिनीवर मिळाला नाही, सिडनीजवळच्या समुद्रात मिळाला. डेलिसिया पल्क्रा नावाचं लाल शेवाळ तिथे आहे. (काटेकोर बोलायचं तर शेवाळ म्हणजे वनस्पती नव्हे, पण गोष्ट इथूनच सुरू होते.) समुद्रात बुडालेल्या कुठल्याही वस्तूवर काही दिवसांत थर चढतो; होडीच्या बुडाला बघा. या शेवाळाचे तुरे मात्र स्वच्छ राहायचे. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या स्टाफान शेलेबर्ग आणि पीटर स्टाइनबर्ग यांनी शोधलं, तेव्हा त्यात ब्रोमीन असलेले फ्युरॅनोन सापडले. या रेणूंची ठेवण बॅक्टेरियांच्या निरोपाच्या रेणूशी मिळतीजुळती आहे. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं, की शेवाळ बॅक्टेरियांना मारत नाही, त्यांचा निरोप अडवतं.

तेव्हा उत्साहाची लाटच आली. न मारणाऱ्या औषधाला बॅक्टेरिया प्रतिकार करायला शिकणार नाहीत, असं अनेकांनी लिहिलं. आजही विद्यार्थ्यांच्या पोस्टरवर हे वाक्य असतं. पण ते खरं नाही. याच फ्युरॅनोनपासून बनवलेल्या एका रेणूविरुद्ध स्यूडोमोनासमध्ये प्रतिकार निर्माण होऊ शकतो हे २०१२ साली दाखवलं गेलं. पेशीतून नको ते बाहेर फेकणारा पंप त्या बॅक्टेरियांनी जोरात सुरू केला होता. दुसरी अडचण म्हणजे हे फ्युरॅनोन माणसासाठी विषारी. होडीच्या रंगात चालतील, फुप्फुसात नाही. त्यामुळे लोक माणूस रोज खातो अशा गोष्टींकडे वळले.

लसणाचं काय झालं

लसणाची पाकळी अख्खी असते तेव्हा तिला फारसा वास येत नाही. ठेचली की वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले दोन घटक एकत्र येतात, अ‍ॅलिसिन तयार होतं आणि स्वयंपाकघर घमघमतं. हे अ‍ॅलिसिन टिकाऊ नाही. ठेचलेला लसूण तेलात मुरत ठेवला तर त्यातून पुढे अजोईन नावाचा रेणू बनतो. स्पॅनिशमध्ये लसणाला ‘आहो’ म्हणतात, त्या शब्दाच्या स्पेलिंगवरून हे नाव. म्हणजे आपल्याकडच्या ठेच्यात किंवा लसणाच्या मुरलेल्या तेलात रसायनशास्त्र चालू असतंच.

डेन्मार्कमध्ये मिकाएल गिव्हस्कोव यांच्या गटाने क्वोरम सेन्सिंग अडवणारे पदार्थ शोधायला एक चलाख चाचणी बनवली आणि तिच्यातून खाण्याचे आणि औषधी असे बरेच अर्क घातले. लसूण चमकला. २००५ मध्ये थॉमस ब्यार्नशोल्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की लसणाचा अर्क दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसातून स्यूडोमोनास लवकर साफ होतो. यामागचं कारण मला फार आवडतं. हा बॅक्टेरिया कोरम भरला की ऱ्हॅम्नोलिपिड नावाचं साबणासारखं द्रव्य सोडतो, आणि वस्तीवर चालून आलेल्या आपल्या पांढऱ्या पेशी त्यात फुटून मरतात. वस्तीभोवती खंदक खणल्यासारखं. लसणाने निरोप बिघडवला की खंदक खणला जात नाही, आणि पांढऱ्या पेशी आत शिरून आपलं काम करतात. २०१२ साली लसणातला मुख्य कर्ता अजोईन असल्याचं याच मंडळींनी सिद्ध केलं. टोब्रामायसिन या अँटिबायोटिकबरोबर दिलं की बायोफिल्ममधल्या पेशी जास्त मरतात, हेही दिसलं.

म्हणजे लिंक पाठवणाऱ्या श्रोत्याचा निबंध खरा होता. मग?

मग इंग्लंडमध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांवर छोटी चाचणी झाली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. २६ रुग्ण, आठ आठवडे. काहींना रोज लसणाच्या तेलाची कॅप्सूल, काहींना दिसायला तशीच पण ऑलिव्ह तेलाची. फुप्फुसाची ताकद, वजन, त्रासाची लक्षणं, कशातही ठळक फरक पडला नाही. २६ माणसांच्या चाचणीवरून ‘लसूण निरुपयोगी’ असं म्हणता येत नाही, आणि ही चाचणी करणाऱ्यांनीही तिला प्राथमिकच म्हटलं होतं. पण ‘उपयोगी’ असंही म्हणता येत नाही. उंदराला दिलेली मात्रा आणि माणसाच्या कॅप्सूलमधली मात्रा यांत फरक असतो. शिवाय अजोईन पोटातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात आणि तिथून घट्ट कफात पुरेशा प्रमाणात पोहोचायला हवं, आणि या प्रत्येक पायरीवर गळती असते. लसूण ज्यात उतरला नाही ती परीक्षा ही आहे. प्लेटमधली परीक्षा तो पास झालेला आहे.

प्लेटमधली परीक्षा

ही प्लेटमधली परीक्षा कशी असते ते सांगतो, कारण तुम्ही वाचता त्या बहुतेक बातम्या तिच्यातूनच येतात. पत्त्यांच्या जोडाएवढी नसेल पण तळहातावर मावेल अशी प्लास्टिकची प्लेट, तिला ९६ खळगे. प्रत्येकात बॅक्टेरिया, त्यांचं अन्न आणि तपासायचा अर्क. एक दिवस ठेवायचं, ओतून टाकायचं, धुवायचं. भिंतीला जे चिकटून राहिलं त्यावर क्रिस्टल व्हायोलेट टाकायचं. लहानपणी खरचटल्यावर लावायचं ते जांभळं औषध, तेच हे. पुन्हा धुवायचं, उरलेला जांभळा रंग विरघळवायचा आणि किती गडद आहे ते यंत्राने मोजायचं. रंग कमी म्हणजे बायोफिल्म कमी. स्वस्त, सोपी, जगभर चालणारी पद्धत. मीही वापरतो.

पण तिला फसवणंही सोपं आहे. अर्काने बॅक्टेरिया मेले तरी रंग कमी दिसणार. मग ते बायोफिल्म रोखणं नव्हे, साधं मारणं झालं, आणि मारायला आपल्याकडे याहून चांगली औषधं आहेत. झाडांच्या सालीत, चहात, हिरड्यात भरपूर टॅनिन असतं, आणि टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. हिरडा चावल्यावर तोंड कसं आखडतं, आठवा. तेव्हा टॅनिनने बॅक्टेरियाचा निरोप अडवला की नुसतीच सगळीकडे चिकटाचिकट केली, हे वेगळं तपासावं लागतं. आणि बहुतेक निबंधांत अर्क बॅक्टेरियांबरोबर पहिल्या मिनिटापासून असतो. डॉक्टरकडे येणाऱ्या रुग्णाची वस्ती तर कधीच उभी राहिलेली असते. बांधकाम थांबवणं वेगळं आणि उभी इमारत पाडणं वेगळं.

हळद या सगळ्या सापळ्यांची राणी आहे. तिच्यातलं कर्क्युमिन स्वतः पिवळंजर्द, प्रकाशात चमकणारं. चमक मोजणाऱ्या चाचण्या त्याने सहज गोंधळतात. आपल्या शरीराइतक्या तापमानाच्या, आम्ल नसलेल्या पाण्यात ते अर्ध्या तासात बहुतांश मोडून जातं, म्हणजे चोवीस तासांच्या प्रयोगात शेवटी काम करतंय ते कर्क्युमिन की त्याचे तुकडे, हाही प्रश्नच. २०१७ साली औषधरसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कर्क्युमिनवरच्या कामाचा सविस्तर आढावा घेतला. सव्वाशेच्या आसपास क्लिनिकल चाचण्या झालेल्या असूनही, कुठल्याही आजारासाठी, रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून गोळी कोणती ते लपवून केलेली एकही चाचणी निर्विवाद यशस्वी झालेली त्यांना दिसली नाही.

आकडे बघू या. तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना दिवसाला ८ ग्रॅमपर्यंत शुद्ध कर्क्युमिन दिलं. रक्तातली सर्वोच्च पातळी होती मिलिलिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून कमी. बायोफिल्मवरच्या निबंधांत मात्र मिलिलिटरला ५० किंवा १०० मायक्रोग्रॅम सर्रास वापरतात. हळदपुडीत कर्क्युमिन असतं वजनाच्या साधारण ३ टक्के. तेव्हा ८ ग्रॅम कर्क्युमिनसाठी एका दिवसात पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल, आणि तरीही रक्तातली पातळी प्लेटमधल्या पातळीच्या शंभराव्या भागाच्या आसपासच राहील. कॅफेतली पाच डॉलरची ‘टर्मरिक लाटे’ चवीसाठी प्या.

इथे एक मुद्दा स्पष्ट करावासा वाटतो, कारण गप्पांमध्ये तो हमखास निघतो. ‘अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं होतं, माशेलकरांनी ते परत मिळवलं, म्हणजे हळदीने जखम भरते हे सिद्धच झालं ना?’ जखमेवर हळद वापरण्याचं ते पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठातल्या संशोधकांना मिळालं होतं, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झालं. अभिमान वाटावा अशीच ती लढाई होती. पण वाद होता तो हे ज्ञान नवीन आहे का, एवढाच. भारतात ते जुनं आहे हे कागदपत्रांनी दाखवलं गेलं. हळद किती आणि कशी काम करते हा प्रश्न त्या कचेरीपुढे नव्हताच. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण घरी त्या एकच समजतो.

गप्प बसवल्याने नेहमी फायदा होतो का?

दोन निकालांनी या क्षेत्रातल्या लोकांना चांगलंच चक्रावून टाकलं. पहिला तुळशीच्या नात्यातल्या एका झाडाचा. फालूद्यात आपण जो सब्जा घालतो, त्याचं झाड म्हणजेच इथल्या दुकानात मिळणारी स्वीट बेझिल. स्यूडोमोनासचा हल्ला झाला की त्याची मुळं रोझमॅरिनिक आम्ल सोडतात. सगळ्यांना वाटलं, हेही निरोप अडवत असणार. २०१६ मध्ये स्पेनमधल्या गटाने बघितलं तर उलटंच: हे आम्ल बॅक्टेरियाच्या निरोप ऐकणाऱ्या प्रथिनावर जाऊन बसतं आणि त्याला चालू करतं. त्यांच्या प्रयोगात बायोफिल्म वाढलं! एक तर्क असा, की झाड बॅक्टेरियांना वेळेआधीच हूल देतं. कोरम भरलेला नसताना सभा सुरू झाली असं त्यांना वाटतं, आणि पुरेशी फौज जमण्याआधीच ते उघडे पडतात. झाडाला ते सोयीचं असेल. पण उद्या कुणी हे आम्ल ‘नैसर्गिक’ म्हणून जखमेवर लावलं, तर काय होईल?

दुसरा निकाल स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा; गळू आणि शस्त्रक्रियेनंतरच्या जखमा चिघळवणारा हाच. एमोरी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञ कॅसांड्रा क्वेव्ह दक्षिण इटलीच्या खेड्यांत लोक त्वचेच्या तक्रारींवर कुठली झाडं वापरतात याच्या नोंदी घेत फिरल्या आहेत. लहानपणी त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि नंतर त्या जखमेत स्टॅफचाच संसर्ग झाला होता, हे त्यांनी स्वतः लिहिलंय. त्यांच्या गटाने रानटी ब्लॅकबेरीच्या मुळांतला एक अर्क २०१२ मध्ये मांडला. तो स्टॅफचं बायोफिल्म बसू देत नाही आणि अँटिबायोटिकचा परिणाम वाढवतो. २०१५ मध्ये त्यांनी चेस्टनटच्या पानांचा अर्क दाखवला. तो स्टॅफची निरोपयंत्रणा बंद पाडतो, विषं बनणं थांबतं, उंदरांच्या त्वचेवरच्या जखमा लहान राहतात. गंमत अशी, की स्टॅफ ही निरोपयंत्रणा बायोफिल्म *सोडून निघण्यासाठी* वापरतो. ती बंद पडली तर विष थांबेल, पण वस्ती आणखी घट्ट बसू शकेल. त्वचेच्या ताज्या संसर्गात हा सौदा फायद्याचा. कृत्रिम गुडघ्यावर कदाचित घातक. म्हणून एखाद्या अर्काबद्दल ‘क्वोरम सेन्सिंग रोखतो’ एवढंच ऐकून मी खूश होत नाही. कुठल्या बॅक्टेरियाचं, आणि शरीरात कुठे, हे कळल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

आजवर क्वोरम सेन्सिंग रोखण्यासाठी मंजूर झालेलं एकही औषध डॉक्टरांच्या हातात आलेलं नाही. पण चिकटण्याची पहिली पायरी रोखण्यात एका फळाला थोडं यश मिळालंय. क्रॅनबेरी. (आपलं करवंद नव्हे, रंग आणि आंबटपणा सोडला तर त्यांचं नातं नाही.) लघवीच्या मार्गात ई. कोलाय बॅक्टेरिया केसांसारख्या धाग्यांनी भिंतीला धरतात. क्रॅनबेरीतल्या विशिष्ट जोडणीच्या टॅनिनमुळे ही पकड सुटते. द्राक्षं आणि ग्रीन टी यांतल्या टॅनिनची जोडणी वेगळी, आणि तुलनेच्या प्रयोगांत त्यांच्याने हे झालं नाही. पुरावा कित्येक वर्षं डळमळीत होता. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याने क्रॅनबेरीला जवळपास नापास केलं. २०२३ च्या आढाव्यात ५० अभ्यास आणि ८,८५७ माणसं जमली, तेव्हा चित्र बदललं. ज्या बायकांना वारंवार लघवीचा संसर्ग होतो त्यांच्यात धोका सुमारे पाव भागाने कमी, मुलांमध्ये निम्म्याने. गरोदर बायका आणि वृद्धाश्रमातले लोक यांना फायदा दिसला नाही. आणि हे सगळं संसर्ग *होऊ नये* म्हणून. जळजळ आणि ताप सुरू झाल्यावर ज्यूस पीत बसलं तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो.

तोंड ही दुसरी जागा. इथे रक्तात शोषलं जाण्याचा प्रश्नच नाही, औषध थेट वस्तीवर पडतं. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स साखरेपासून चिकट ग्लुकन बनवतो, ते बनवणाऱ्या एन्झाइमला चहातले कॅटेचिन लॅबमध्ये अडवतात. (साखर घातलेल्या चहाबद्दल हे वाक्य वापरू नका.) लिस्टरिनमधलं थायमॉल हे आपल्या ओव्यात असतं तेच, घासण्याला जोड म्हणून अशा माउथवॉशने दातांवरचा थर कमी होतो हे महिनोन्‌महिने चाललेल्या चाचण्यांत दिसलंय. पण ते निरोप वगैरे अडवत नाही, सरळ मारतं. तरी ब्रशला पर्याय नाहीच. लीवेनहुकच्या व्हिनेगरची अडचण आजही तीच आहे, आधी थर खरवडावा लागतो. कडुलिंबाचं किंवा बाभळीचं दातवण काम करतं त्यात रसाचा वाटा किती आणि चावून झालेल्या कुंच्याचा किती, हे वेगळं काढणं कठीणच.

मला या सगळ्या संशोधनाची खरी जागा पृष्ठभागांवर दिसते: नळीच्या प्लास्टिकवर लेप म्हणून, इम्प्लांटवर, जखमेच्या पट्टीत. तिथे मात्रा आपल्या हातात असते आणि पोट-यकृताची गाळणी वाटेत येत नाही. तिथे हळदसुद्धा पुन्हा शर्यतीत येऊ शकते, पण मोजलेली, शुद्ध केलेली आणि निर्जंतुक. डब्यातल्या हळदीत मातीतले बीजाणूही असतात.

मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांत हे सर्वांत स्पष्ट दिसतं. तिथे डॉक्टर मेलेला भाग आणि बुळबुळीत थर धारदार हत्याराने खरवडून काढतात. त्यानंतर बॅक्टेरिया पुन्हा वस्ती उभारायला लागतात, पण पहिला दिवस-दोन दिवस ती कच्ची असते, आणि तेवढ्या वेळात अँटिबायोटिक नेहमीपेक्षा बरंच जास्त परिणामकारक ठरतं. ही दोन दिवसांची फट लांबवता आली, चार दिवसांची किंवा आठवड्याची करता आली, तर कित्येक पाय वाचतील. ब्लॅकबेरीच्या मुळातल्या किंवा लसणातल्या रेणूकडून मला एवढंच हवंय.

ते अजून पट्टीत आलेलं नाही. तोवर गावाकडे कुणा मधुमेही काकांच्या पायाला जखम झाल्याचं कळलं, आणि ‘हळद लावलीये, बरं होईल’ असं ते फोनवर म्हणाले, तर हळदीवरून वाद घालू नका. डॉक्टरांनी पट्टी सोडून जखम बघितली का ते विचारा. नसेल बघितली, तर उद्या सकाळी त्यांना कोण घेऊन जाणार, हे त्याच फोनवर ठरवा.